चाली वरून येतात

स्लेट फेरी, ओहायो
सोमवार, २८ सप्टेंबर १९६४

प्रिय वेरोनाताई,

फोनच करणार होते, पण आमच्या एकाच फोनच्या तारेवर पाच घरं आहेत, आणि शनिवारी आपण हरलो की पाचही घरांतले रिसीव्हर आपोआप उचलले जातात. परवा मी आईशी कोबी खारवण्याबद्दल बोलत होते, तर मधेच मिसेस कोस्तेल्निकचा आवाज आला, "टिली, कोबीचं राहू दे. रुडीला म्हणावं, चेंडू फेकायला सांग!" म्हणून हे पत्र.

तू आणि श्टेफानभाऊजी सामना संपल्यावर मैदानाच्या कडेच्या त्या उंच लाकडी खोक्यातून उतरून सरळ गाडीत बसता आणि तीस मैलांवरच्या बागेत निघून जाता. इथे काय चालतं ते तुमच्या कानावर जात नाही. मी सांगते.

फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. आपल्या सेंट गोराझ्ड शाळेची पोरं पहिल्या तिन्ही संधींना त्याच मधल्या गर्दीत डोकं घालतात आणि चौथ्या संधीला चेंडू लाथेने समोरच्यांना देऊन टाकतात. शनिवारी मी मोजलं, सलग अकरा वेळा मधून. शेवटी शेवटी तर समोरच्या संघाची ती ढोल वाजवणारी मुलंसुद्धा आधीच बोटाने दाखवत होती, आता इथून येणार म्हणून. शून्य विरुद्ध सहा. तीन सामन्यांत दोन हरलो, आणि जो जिंकलो तो त्यांच्या पोराच्या हातून चेंडू निसटला म्हणून.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चार जण रुडीला भेटले. चौघांचं म्हणणं एकच: संघ तुझा आहे, मग चाली तुझा भाऊ का सांगतो?

रुडी काय म्हणाला ठाऊक आहे? "बघू." घरी आल्यावर मी विचारलं, "काय बघणार आहेस?" तर म्हणे, "पुढचा सामना."

ताई, तीन वर्षांपूर्वी भाऊजींनी पॅरिशच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर रुडीच्या हातात शिट्टी दिली आणि म्हणाले, "संघ याचा, चाली माझ्या, मी पुरे म्हणेपर्यंत." रुडीने हात मिळवला. आता तो हात सोडवायचा कसा, हे त्याला कळत नाही. वडील खाणीतल्या अपघातात वारल्यावर भाऊजींनीच त्याला वाढवलं, बूट घालायलाही त्यांनीच शिकवलं. तो स्वतःहून कधी बोलायचा नाही. पण भाऊजी स्वतःच 'पुरे' म्हणाले तर? तू सुचवून बघशील का? सहज, जेवताना.

तुझी,
टिली

ता. क. शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या बुटांची नाडी तू बांधली होतीस. तू तेव्हा शेवटच्या वर्गात होतीस. अजून मला तुझ्याशी बोलताना पाय जुळवून उभं राहावंसं वाटतं. म्हणून जरा जपूनच लिहिलंय.


कॅडी रन
गुरुवार, १ ऑक्टोबर

प्रिय टिली,

तुझं पत्र मिळालं. जपून लिहिलंस ते दिसलं.

जेवताना मी काहीही सुचवणार नाही. जेवताना श्टेफान जेवतो.

अठ्ठावीस वर्षं तो चाली सांगतोय. एकोणपन्नास साली एकही सामना न हरता तो चषक आला, तेव्हा हेच गाव आमच्या अंगणात उभं राहून गात होतं, आणि मिसेस कोस्तेल्निकने तर त्याला डुकराची अख्खी तंगडी आणून दिली होती. तेव्हाही चेंडू मधूनच जायचा. तेव्हा त्याला ताकद म्हणायचे, आता हट्ट म्हणतात.

पोरं हलकी आहेत यंदा. एमिलचा हात चांगला आहे म्हणतात, पण चेंडू हातात घेऊन खेळ चालवणारा क्वार्टरबॅक म्हणून उभं राहण्याचं हे त्याचं पहिलंच वर्ष. घाईने चेंडू फेकायला लावायचं आणि तो समोरच्यांच्या हातात गेला की पुन्हा श्टेफानलाच बोल लावायचे, हे मला पटत नाही.

तो ठणठणीत आहे. रोज पेपर वाचतो, बागेत फिरतो. या शनिवारच्या चालींची यादी आजच पोस्टात टाकते आहे, रुडीला नेहमीसारखी उद्या मिळेल. अक्षर माझंच आहे, त्याचं कुणाला लागलंय आजवर?

आईच्या कोबीत थोडं जिरं घालायला सांग.

तुझी,
वेरोना


स्लेट फेरी
सोमवार, १२ ऑक्टोबर

प्रिय वेरोनाताई,

कोबीत जिरं घातलं. कोबी चांगला झाला. बाकी काहीही चांगलं नाही.

तीन तारखेला जिंकलो, त्यात आपला हात किती होता ते तू वरून पाहिलंसच. परवा मात्र वीस विरुद्ध शून्य. आणि घरच्या मैदानावर, जुने विद्यार्थी आलेले, सिस्टर एमेरेंशिया चाकाच्या खुर्चीतून आलेल्या! आपल्या लहानपणी त्या मठाच्या कपडे धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून जपमाळ हातात घेऊन सामना बघायच्या, आठवतं? आम्हाला वाटायचं प्रार्थना करताहेत, आणि त्या मण्यांवर यार्ड मोजत असायच्या. परवा तिसऱ्या भागात त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं आणि कानात म्हणाल्या, "ओटिलिया, तुझ्या नवऱ्याला दुसरी चाल माहीत आहे का ग?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

तिसऱ्या संधीला नऊ यार्ड हवे होते, ताई. नऊ! समोरचे सगळे मधे गोळा झालेले, डाव्या बाजूला आपला पोरगा एकटा उभा, त्याच्या आसपास चिटपाखरू नाही. माझ्यासारख्या भूगोल शिकवणाऱ्या बाईला ते दिसलं. भाऊजींना दिसलं नाही? की बघायचंच नव्हतं? माफ कर, पण गावात आता उघड बोलतात की भाऊजींचं डोकं चालेनासं झालंय. आणि मला वाटतं तूही त्यांना आणखी चढवतेस. तू शेजारी बसून सामन्याची वही लिहितेस, सगळं तुझ्यासमोर घडतं. एकदा तरी म्हण ना त्यांना, "अहो, डावीकडे बघा!"

येत्या शनिवारी सामना नाही. रुडीने मला शब्द दिलाय की तो बागेत येऊन भाऊजींशी बोलेल. चाली सांगणारा बदलायचा तर हीच वेळ, मधे दोन आठवडे मिळतात, पोरांना नवं शिकवता येतं. तू फक्त त्या दोघांना एकटं सोड.

टिली


कॅडी रन
गुरुवार, १५ ऑक्टोबर

टिली,

मी त्याला चढवत नाही. मी काय करते आणि काय करत नाही, ते तू खाली बसून ठरवू नकोस.

नवऱ्याचं नाव व्हावं असं कुठल्या बायकोला वाटत नाही? पण त्यासाठी दुसऱ्याच्या नवऱ्याला खाली उतरवावं लागतं का?

रुडीला यायचं तर येऊ दे. घर त्याचं आहे.

वेरोना


स्लेट फेरी
सोमवार, १९ ऑक्टोबर

प्रिय वेरोनाताई,

तू रागावलीस. रागाव. पण आधी शनिवारी तुमच्याकडून काय परत आलं ते ऐक.

रुडी सकाळी आठला निघाला. निघताना आरशासमोर उभा राहून म्हणत होता, "दादा, तुला एक सांगायचंय. दादा, मी असा विचार केलाय." मी दारामागून ऐकत होते आणि माझे डोळे भरून आले. वाटलं, सुटलो एकदाचे.

संध्याकाळी गाडीतून उतरला तो दोन टोपल्या सफरचंदं घेऊन.

"बोललास?"

"शिडीची पायरी मोडली होती. ती बसवली."

"रुडी, बोललास का?"

"बोललो ना. हवेबद्दल बोललो, पोरांच्या गुडघ्यांबद्दल बोललो."

"चालींबद्दल?"

"तो विषय निघाला नाही."

निघाला नाही! ताई, विषय काय आपोआप उगवतो का जमिनीतून? मी त्याला म्हटलं, "अरे, चाळीस पोरांना रोज दुपारी ओरडून ओरडून घसा बसवतोस, आणि एका माणसासमोर तुझी वाचा जाते?" तर म्हणाला, "त्या चाळिसांपैकी एकानेही मला वाढवलेलं नाही." आणि सफरचंदं तळघरात नेऊन ठेवली.

आता खरी गोष्ट. काल पॅरिशचे आणि शाळेचे मुख्य धर्मगुरू, मॉन्सिन्योर ब्राझ्डांनी रुडीला बोलावून घेतलं. शेवटचा सामना सात नोव्हेंबरला, नदीपलीकडच्या सेंट फिन्टनशी. त्या आयरिश लोकांना हरवलं तर रुडी प्रशिक्षक राहील. हरलो तर यंगस्टाउनहून नवा माणूस येणार आणि रुडीने नुसती भूमिती शिकवायची. ते म्हणाले, "रुडोल्फ, चाली कोण सांगतो याच्याशी मला देणंघेणं नाही. पण हरलास तर ते तुझं हरणं असेल."

तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. ताई, त्याला ही पोरं सोडून दुसरं काही येत नाही. मला नाव नको आहे त्याचं. मला तो हवा आहे, जसा मार्चपासून चिखलात धावत असतो तसा.

तुझ्या मनात माझ्याबद्दल काय असेल ते असो. पण भाऊजींशी बोल. वेळ राहिलेली नाही.

टिली


कॅडी रन
गुरुवार, २२ ऑक्टोबर

प्रिय टिली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा मनात, आणि दोनदा लाकडाच्या शेडमध्ये जाऊन मोठ्याने, कारण असं काही वाचलं की मला आवाज काढावा लागतो. घरात मोठ्याने वाचता येत नाही. घरात मी मोठ्याने फक्त पेपर वाचते.

ते मी तुला चुकीचं लिहिलं होतं. पेपर तो वाचत नाही. मी वाचते, तो ऐकतो.

टिली, त्याचं डोकं चालतंय. तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. डोळे गेलेत. मार्चमध्ये व्हीलिंगच्या डॉक्टरांना दाखवलं. मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं थोडं धूसर दिसतं. कापून बरं होण्यासारखं नाही म्हणाले. त्याने गाडीत मला एवढंच सांगितलं, "रुडीला नको. हा मोसम होऊ दे." येताना-जाताना गाडी मीच चालवते, हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तरी तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा आता आरामात बसतो.

शनिवारी रुडी आला तेव्हा श्टेफानने कॉफीचा कप त्याच्यापासून हातभर लांब, हवेत धरला होता. रुडीला कळलं नाही. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

आता पुढचं. हे मी पापकबुलीत फादरांनाही सांगितलेलं नाही, कारण फादर स्वतः पहिल्या रांगेत बसून "फेका! फेका!" म्हणून ओरडतात.

वर खोक्यात आम्ही दोघंच असतो. एक चाल संपली की पुढची द्यायला पंचवीस सेकंद. तेवढ्यात मी सांगायचं काय झालं, समोरचे कुठे उभे आहेत, मग तो विचार करणार, फोनची दांडी फिरवणार, रुडीला आकडा सांगणार, रुडी तो एका पोराच्या कानात घालून त्याला आत पळवणार. चेंडू मधून गेला तर मला जमतं. सगळे तिथेच ढीग होऊन पडतात. मी लगेच सांगते, "दोन यार्ड." पण फेकला तर? मी चेंडू बघू, की पळणारा बघू, की त्याच्या मागे कोण आहे ते बघू? पहिल्या सामन्यात एकदा फेकला होता. मला काय झालं ते समजलंच नाही. तो विचारत होता, "वेरोना, काय झालं? कुणी धरला? वेरोना!" आणि मी नुसती "थांब, थांब" म्हणत राहिले. त्याचा चेहरा मला बघवेना.

तेव्हापासून त्याने विचारलं, "कुठे मोकळं आहे?" की मी म्हणते, "मधे. मधे मोकळं दिसतंय."

तो विश्वास ठेवतो. ज्याने अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवला नाही, तो माझ्यावर ठेवतो. आणि मग विचारतो, "एवढं मोकळं आहे तर दोनच यार्ड कसे मिळतात?" मी म्हणते, पोरं हलकी आहेत.

तेव्हा गावाने शिव्या द्यायच्या तर मला द्याव्यात. चाली त्याच्या आहेत, चूक माझी. आता कळलं, मी तुझ्यावर का वैतागले होते?

रुडीला सांगू नकोस. मी शब्द दिलाय.

वेरोना


स्लेट फेरी
सोमवार, २६ ऑक्टोबर

प्रिय वेरोनाताई,

मला हे सांगून तू काय करून ठेवलंस! आता मला रुडीवर चिडता येत नाही, भाऊजींवर चिडता येत नाही, तुझ्यावर चिडायला गेले की रडू येतं. मी चिडायचं तरी कुणावर? कोस्तेल्निकबाईवर चिडले. तिने विचारलं, "भाऊजींचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा आहे," आणि तिच्याकडचं सॉसेज न घेताच निघून आले. आता दुसरा खाटीक पुलापलीकडे आहे.

परवाचा सामना मी पाहिलाच नाही. मी खोक्याकडे बघत होते. तू त्यांच्या कानाशी वाकून बोलतेस, आणि ते मान तिरकी करून मैदानाच्या भलत्याच टोकाकडे बघतात. इतके दिवस मला वाटायचं, किती ऐटीत बसतात!

पण ताई, शब्द दिलास म्हणून काय झालं? त्यांनी 'हा मोसम होऊ दे' म्हटलं तेव्हा त्यांना वाटत होतं की तू त्यांना खरं सांगतेस. त्यांना अंधारात कोणी ठेवलंय? डोळ्यांनी नाही, तू ठेवलंयस. हे मी जपून लिहिलेलं नाही.

मी रुडीला सांगणार नाही. पण तू भाऊजींना सांग. मधे मोकळं नसतं, कधीच नव्हतं, हे त्यांना कळू दे. मग काय ठरवायचं ते ठरवतील. तो त्यांचा हक्क आहे. सात तारखेच्या आत सांग.

तुझी नाडीवाली,
टिली


कॅडी रन
सोमवार, २ नोव्हेंबर

प्रिय टिली,

शनिवारी पुन्हा हरलो, ते तू पाहिलंस. परतताना गाडीत त्याने विचारलं, "आज मधे किती मोकळं होतं?" आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. स्टीअरिंगवर हात ठेवून सगळं सांगितलं.

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पहिल्या सामन्यापासून?"

"हो."

"सलग अकरा वेळा मी एमिलला मधे घुसवलं, त्या दिवशीही?"

"हो."

"वेरोना, त्या पोराच्या बरगड्या दुखत असतील ग."

घरी येऊन तो कोटासकट बिछान्यावर पडला. रविवारी चर्चला आला नाही. आजारी नसताना चर्च चुकवायची ही त्याची पहिलीच वेळ. मी आल्यावर स्वयंपाकघरात उभा होता, आणि मला वाटलं आता मला घराबाहेर काढतो की काय. तर म्हणाला, "माझ्या चाली वाईट नाहीत. वाईट चालींचा संघ यापेक्षा जास्त गुणांनी हरतो. मला सांगणारं माणूस बदललं पाहिजे."

मी म्हटलं, "म्हणजे बदलायचं ते मला?"

"तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. सत्तावीस वर्षं वही लिहितेस आणि अजून डाव्या टोकाच्या पोराला 'तो कडेचा उंच' म्हणतेस."

टिली, मी त्याच्यासाठी आठ महिने खोटं बोलले, झोप घालवली, आणि या माणसाने मला कामावरून काढलं! मी इतकी चिडले की जेवण करपवलं. करपलेलं तो मुकाट्याने जेवला, म्हणून आणखी चिडले.

मग म्हणाला, "टिलीला विचार. ती खालून ओरडते ना, ते मला वरपर्यंत ऐकू येतं. ती बरोबर ओरडते."

तर येत्या शनिवारी वर तू बसायचंस. रुडीला सांगायचं की माझा गुडघा दुखतो, पायऱ्या चढवत नाहीत. मी येणारच नाही. मला बघवणार नाही. शेजारचा ओन्ड्रेय त्याला आणून सोडेल.

तुला जमेल ना ग?

वेरोना


स्लेट फेरी
रविवार, ८ नोव्हेंबर

प्रिय वेरोनाताई,

भाऊजींनी तुला सांगितलंच असेल, पण ते अर्धंच सांगतील, म्हणून मी लिहितेय.

मी वर चढले तेव्हा माझे गुडघे खरंच दुखत होते, भीतीने. भाऊजी म्हणाले, "टिली, मला सुंदर वर्णन नको. कोण, कुठे, किती. घाबरलीस तर 'घाबरले' म्हण, पण खोटं सांगू नकोस."

पहिल्या अर्ध्या वेळेत काय झालं म्हणून सांगू! मी म्हणायची, "समोरचे आठ जण मधे, उजवीकडे एकच." ते दांडी फिरवायचे आणि असा एखादा आकडा सांगायचे की खाली रुडी क्षणभर फोनकडेच बघत राहायचा. एमिलने दोनदा लांब फेकला. दोन्ही वेळा आपल्या पोराने धरला आणि थेट पलीकडे नेला. तेरा-शून्य! फादर बाकावर उभे राहिले होते. भाऊजी मला म्हणाले, "लोक कुठल्या बाजूला उभे राहिलेत?" मी म्हटलं, "सगळीकडे." ते हसले. ताई, एकोणपन्नास सालानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पण मध्यंतरानंतर फिन्टनवाले शहाणे झाले. चेंडू हलायच्या अगदी आधी ते जागा बदलायला लागले. मी सांगायला सुरुवात करायची तेव्हा डावीकडे, सांगून संपायचं तेव्हा उजवीकडे. भाऊजी विचार करायचे, मी म्हणायची "थांबा, बदलले," ते पुन्हा विचार करायचे, आणि पंचवीस सेकंद निघून जायचे. उशिरासाठी पाच यार्डांची शिक्षा. मग पुन्हा. चार वेळा, ताई. लोक खाली ओरडायला लागले, "वर झोपलेत का?" फिन्टनवाल्यांनीही दोनदा चेंडू पलीकडे नेला. तेरा-तेरा. सहा मिनिटं उरलेली.

भाऊजींनी विचारलं, "आता कुठे आहेत?"

मी म्हटलं, "भाऊजी, मी सांगेपर्यंत ते तिथे नसतील."

त्यांनी मैदानाकडे तोंड केलं, म्हणजे त्यांना मैदान वाटत होतं तिकडे. मग त्यांनी दांडी फिरवली. मी अगदी शेजारी होते, एकेक शब्द ऐकला.

"रुडी, ऐक. मला मार्चपासून दिसत नाही. आता पुरे. तू सांग."

खाली रुडी रिसीव्हर कानाला लावून उभा. आमच्याकडे वर बघत. पंच घड्याळ दाखवत होता, पोरं त्याच्याकडे बघत होती आणि हा वर! मी खिडकीतून ओरडले, "अरे, बघतोस काय!"

फोनमधून त्याचा आवाज आला, "दादा, मी काय सांगू?"

"तुला दिसतंय ना? मग जे दिसतंय ते सांग, गाढवा. चालीला सात सेकंद उरलेत." आणि भाऊजींनी फोन ठेवून दिला. पुन्हा उचलला नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

रुडीने सांगितलं, ताई. बाकाशेजारून, हातवारे करत, धापा टाकत, पोरांच्या खांद्यांना धरून. सगळं काही बरोबर नव्हतं, पण वेळेवर होतं. आपण त्यांच्या टोकाच्या रेषेपासून आठ यार्डांवर पोहोचलो. आणि वेळ संपली.

बरोबरी! आठ आठवडे मी मेणबत्त्या लावल्या, आणि देवाने बरोबरी दिली!

मॉन्सिन्योर मैदानावर आले. "जिंकलास तर आणि हरलास तर, याबद्दल मी बोललो होतो," ते म्हणाले, "याबद्दल काही बोललो नव्हतो." बराच वेळ हनुवटी खाजवली. शेवटी म्हणाले, एक वर्ष आणखी. पण पुढच्या वर्षी चाली कोण सांगणार, ते नाताळापर्यंत कळवायचं.

यावर तुझा दीर त्यांना काय म्हणाला? "बघू."

माझ्या हातात छत्री होती. फादर मधे उभे होते म्हणून वाचला.

घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही. म्हणाला, "त्याने माझ्यासमोर कप धरला होता, टिली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो." बुधवारी सैनिक दिनाची सुट्टी आहे. तुमच्याकडे येतो म्हणालाय. या वेळी सफरचंदं देऊ नकोस. बोलल्याशिवाय काहीही देऊ नकोस.

तुझी,
टिली


कॅडी रन
बुधवार, ११ नोव्हेंबर

प्रिय टिली,

रुडी इथे आहे, आणि मी हे स्वयंपाकघरातून लिहितेय, कारण बाहेरच्या खोलीत मला जागा नाही.

तो आला तेव्हा दारातच उभा राहिला. श्टेफान म्हणाला, "कोण आहे?" मी म्हटलं, "रुडी. टोपी हातात, डोळे लाल, दाढी केलेली नाही." पूर्वी मी म्हटलं असतं, "रुडी आलाय, मजेत दिसतोय."

दोघं बसले. मी कॉफी मुद्दाम ठेवली नाही, तुझं ऐकलं. शेवटी श्टेफानच म्हणाला, "पुढच्या वर्षी चाली तू सांगायच्यास. ब्राझ्डांना आजच कळव, नाताळ कशाला हवा? दुसरा प्रश्न. मला कधी काढायला हवं होतंस?"

रुडी म्हणाला, "दादा, राहू दे ना."

"राहू दे काय? संघ चालवतोस, आणि हे सांगता येत नाही? डोळ्यांचं विसर. तुला ठाऊक नव्हतं असं धर. तुझा चाली सांगणारा नीट सांगत नाहीये. केव्हा बदलशील?"

रुडीने खाली मान घातली आणि म्हणाला, "पहिल्याच सामन्यानंतर कळलं होतं मला."

"मग?"

"तू रागावला असतास."

"रागावलोच असतो! महिनाभर बोललो नसतो तुझ्याशी. त्याचा इथे काय संबंध?"

टिली, मला वाटलं आता दोघं रडणार. मी एप्रनला हात पुसत दारात उभी राहिले. तर श्टेफान खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, "पण पहिल्यानंतर म्हणजे घाई झाली असती. एका सामन्यावर माणूस बदलायचा नसतो. पोरं बिथरतात."

रुडी म्हणाला, "दुसऱ्यानंतर तर आपण जिंकलो होतो. जिंकल्यावर कसं बदलणार?"

"जिंकल्यावरच बदलायचं! हरल्यावर बदललं की माणसाच्या माथी सगळं येतं."

"आणि लोक काय म्हणाले असते?"

"लोक खेळतात का?"

अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट. तेव्हापासून ते टेबलावर बोटं आपटून वाद घालताहेत. श्टेफान त्या चाली सांगणाऱ्याबद्दल असा बोलतोय जणू तो यंगस्टाउनचा कुणी परका माणूस आहे. "त्याला सुट्टीच्या शनिवारी काढायला हवं होतं," म्हणतो. रुडी त्याची बाजू घेतोय! "दादा, बिचाऱ्याला आणखी एक संधी द्यायला हवी होती," म्हणतो. मी मधे एकदा म्हटलं, अरे, कॉफी हवी का? दोघांनी एकदम हात वर करून मला गप्प केलं.

मी कॉफी ठेवली आहे, माझ्यापुरती. रुडी जेवायला घरी येणार नाही, वाट बघू नकोस. ते आत्ता कुठे चौथ्या सामन्यापर्यंत पोहोचलेत.

तुझी,
वेरोना